वडील : हयात

माणसाला पूर्वायुष्य असतं हे मला बँकेत लागल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्याच्या दोन स्वसाक्षांकित प्रती लागतात आणि मूळ कागद पडताळणीसाठी सोबत आणावे लागतात. ज्याला पूर्वायुष्य नाही त्याला आमच्या शाखेत खातं नाही. गेली बावीस वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून मी येईल त्याला वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मगाव आणि "या पत्त्यावर कधीपासून?" हे विचारत आलो आहे. पण जो माणूस मुळात अस्तित्वातच नाही त्याचं पूर्वायुष्य बसून रचायचं, असा प्रसंग माझ्यावर येईल याची कल्पना नव्हती. बी.कॉम.ला तसा पेपर नव्हता.

याची सुरुवात एका फाशापासून झाली.

आम्ही राहतो पेणला. माझी शाखा रोह्याला. सौ.चं माहेरही रोह्याचं, त्यामुळे रविवारी मी रोहा टाळतो, पण आमचे चिरंजीव मात्र गेले सहा महिने दर रविवारी न चुकता दिव्याहून येणारी रोहा गाडी पकडून मामाकडे जात. कारण विचारलं की "अभ्यासाला" म्हणत. अकरावीतला मुलगा सुट्टीच्या दिवशी गाडीने जाऊन अभ्यास करतो, हे कुठल्याही बापाला संशयास्पद वाटेल. पण सौ.ला वाटलं नाही, कारण माहेर तिचं होतं. एके दिवशी तिने धुण्याला काढलेल्या पँटच्या खिशातून एक निळा फासा निघाला. त्याला वीस तोंडं होती. मोजक्या तोंडांच्या फाशाने धर्मराजाची काय अवस्था केली हे आपण जाणतो. इथे तर वीस!

"मटका!" सौ. म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि तो माझ्या माहेरी!"

पुढच्या रविवारी मी छापा घालायला रोह्याला गेलो. मेहुण्यांच्या माडीवर टेबलाभोवती तिघं तरुण बसले होते. समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे आमचा भाचा बसला होता, म्हणजे मेहुण्यांचा थोरला, जो धाटावच्या एमआयडीसीत केमिस्ट आहे. आडोशामागे बसून समोरच्याला काय लपवलंय ते दिसू द्यायचं नाही आणि "थांबा, बघून सांगतो" म्हणायचं, हे दृश्य मला ओळखीचं वाटलं. आमच्याकडे त्याला काउंटर म्हणतात.

पैसे कुठेच दिसेनात. सुवर्णमुद्रांचे हिशेब होते, पण ते कागदावर. भाच्याने समजावून सांगितलं ते असं : प्रत्येकाने एक माणूस व्हायचं. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. आडोशामागचा मास्तर गोष्ट सांगतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आलात, आतून धूर येतोय, काय करता?" आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. जिंकणं नाही, हरणं नाही, बक्षीस नाही. चार-चार तास बसून शेवटी हाती काही नाही. हेही मला ओळखीचं वाटलं.

हा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे तळघरं आणि आग ओकणारे अजगर. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोघांनी तो काढला. पहिल्या हजार प्रतींचे खोके त्यांनी घरीच भरले. भाचा हे सांगत होता तेव्हा मी नुसता मान हलवत होतो. पण हा गायगॅक्स आधी शिकागोच्या एका विमा कंपनीत कामाला होता आणि ती नोकरी गेल्यावर काही काळ जोडे दुरुस्त करून घर चालवत होता असं ऐकलं, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. म्हणजे हप्ते आणि जोखीम मोजणाऱ्या माणसाच्या टेबलावरूनच ड्रॅगन उडाला होता! मला त्या माणसाविषयी एकदम भाऊबंदकी वाटू लागली. चांगल्या अर्थाने.

त्यांच्यातला एक गडी नोकरी लागून पुण्याला गेला होता. जागा रिकामी होती. "काका, तुम्हीच बसा ना," भाचा म्हणाला. चिरंजीवांनी आढ्याकडे पाहिलं. छापा घालायला आलेल्या फौजदारालाच तिसरा पत्ता वाटावा तसं झालं. मी बसलो.

लगेच त्याने माझ्यापुढे एक छापील फॉर्म सरकवला, आणि खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला. फॉर्म म्हटलं की मी घरी असतो. नाव. वंश. (मानव, यक्ष, खुजा यांपैकी एक.) व्यवसाय. मग सहा गुण : ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण, छाप. प्रत्येक गुणासाठी चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान आकडा सोडायचा आणि उरलेल्या तिघांची बेरीज लिहायची. माझी बुद्धी पंधरा आली. चिवटपणा नऊ. छाप सात. "फासे खरे दिसतात," चिरंजीव म्हणाले. पंधरा बुद्धीच्या माणसाने मांत्रिक व्हावं असं ठरलं. अंगात प्राण किती, तर पाच. मास्तरच्या हिशेबात तब्येतीचंही खातं असतं आणि माझ्या खात्यावर किमान शिल्लकही नव्हती.

पुढे स्वभावाचा तक्ता होता, नऊ खान्यांचा. एका अंगाला कायदेशीर, तटस्थ, बेबंद. दुसऱ्या अंगाला सज्जन, तटस्थ, दुर्जन. मी तत्काळ "कायदेशीर तटस्थ" वर खूण केली.

"काका, वाचा तरी आधी."

"बावीस वर्षं तेच करतोय," मी म्हटलं.

त्यानंतर पूर्वपीठिका. यांची जी पोथी आहे, २०१४ च्या आवृत्तीची, तिच्यात माणसाला तेरा प्रकारची पूर्वायुष्यं देऊ केली आहेत. पुजारी, भामटा, गुन्हेगार, कलावंत, कारागीर, बैरागी, सरदार, पंडित, खलाशी, सैनिक, उकिरड्यावर वाढलेलं पोर वगैरे. कारकून नाही. भामटा आहे, गुन्हेगार आहे, पण कारकून नाही. मी निषेध नोंदवला. भाच्याने शोधून सांगितलं की २०२४ च्या नव्या आवृत्तीत लेखनिक घातला आहे. दहा वर्षं लागली, पण अर्ज मंजूर झाला. मात्र यांच्याकडे होती जुनी आवृत्ती. मी तेरातलं "कारागीर" निवडलं, कारण त्यात पंधरा सुवर्णमुद्रा, हत्यारं आणि कारागीर संघाचं परिचयपत्र मिळत होतं. परिचयपत्र! पूर्वी आमच्याकडे खातं उघडायला ओळख देणारा खातेदार लागायचा, त्याची सही घ्यायला लोक गावभर फिरायचे. ती पद्धत बँकेने सोडली, पण कुठल्या तरी यक्षलोकात ती चालू आहे हे कळून बरं वाटलं. सवयीने मी फॉर्मच्या तळाला, जागा नव्हती तरी, "नामनिर्देशन : वडील" असं लिहून टाकलं.

"आता गोष्ट," भाचा म्हणाला. "हा कोण, कुठला, घर सोडून का निघाला. पान-दोन पानं. पुढच्या रविवारपर्यंत."

नमुन्यादाखल त्याने इतरांच्या गोष्टी वाचायला दिल्या. या मुलांच्या माणसांची नावं अशी की मधेच एक स्वल्पविराम अक्षरांच्या डोक्यावर चढून बसलेला. काएल'थार. व्ह'रिक. आणि सगळ्यांची कथा एकच. गाव जळालं, आईबाप मेले, पोर एकटंच वाचलं आणि सूड घ्यायला निघालं. पुण्याला गेलेला धरून चार खेळाडू, आठ आईबाप, पैकी हयात शून्य. मी केमिस्ट भाच्याकडे पाहिलं. खाली स्वयंपाकघरात त्याची आई आमच्यासाठी पोह्यांचे पापड तळत होती.

"असं का रे?"

"आईबाप असले की हीरो बाहेर कसा पडणार काका? जेवायला बोलावतात."

मग चिरंजीवांचा कागद हातात आला. त्यात लिहिलं होतं : "वडील राजाच्या खजिन्यात कारकून होते. ड्रॅगन आला तेव्हा सगळे पळाले. वडिलांचा हिशेब जुळत नव्हता म्हणून ते उठले नाहीत. मृत."

वाक्यरचना चांगली होती. मी कागद घडी करून परत दिला. गाडीत आम्ही दोघं समोरासमोर बसलो. निडी, नागोठणे, कासू, सगळी स्टेशनं गेली. मी त्याला विचारणार होतो की किती रुपयांचा फरक होता. विचारलं नाही.

गोष्ट लिहिणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. पहिला खर्डा कर्जाच्या अर्जासारखा झाला. "उपरोक्त इसम हा सदर गावचा कायम रहिवासी असून त्याचेवर कोणताही बोजा नाही." चिरंजीवांनी तो वाचून बहिणीला वाचायला दिला, यावरून काय ते समजलो. दुसऱ्या वेळी मी जोर लावला. माझा मांत्रिक लहानपणीच सगळ्या विद्यापीठांत पहिला आला, त्याने तीन राक्षस मारले, सम्राटाने त्याला खजिनदार नेमलं. भाच्याने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, पहिल्या पातळीवरचा माणूस आहे हा. त्याने अजून काही केलेलं नसतं. करायला निघालेला असतो."

मुद्दा बरोबर होता. माझ्या डोक्यात नकळत चिंतामणराव देशमुख बसले होते. आम्हा बँकवाल्यांचं ते दैवत, त्यातून घराणं रोह्याचं. १९१२ ला मॅट्रिकला पहिले, १९१८ ला लंडनला आय.सी.एस.मध्ये पहिले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. असा माणूस गुहेच्या तोंडाशी पाच प्राण घेऊन उभा राहत नाही. मी ज्या शाखेत पासबुकं छापून देतो तिच्या गावावर असल्या माणसाची छाया आहे, त्यामुळे आमचं प्रत्येकाचं पूर्वायुष्य जरा खुजंच दिसतं. वंशात तसा खाना आहेच.

दोषाच्या रकान्यात मात्र अडचण आली नाही. पोथीप्रमाणे प्रत्येक पात्राला एक ध्येय, एक जिव्हाळा आणि एक दोष लागतो. सौ. भाजी निवडत होती. "दोष एकच लिहायचा?" तिने विचारलं.

रात्री ओटीवर कागद घेऊन बसलो होतो तेव्हा अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. सत्तरी केव्हाच उलटली आहे, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि उजवा हात थोडा थरथरतो. हा हात म्हणजे एकेकाळी पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत नाव घ्यावं असा होता. अण्णा मूर्ती घडवत नसत. ते आखणी करत. बाहेरच्या माणसाला वाटतं गणपती मातीतून होतो. पेणमध्ये विचाराल तर गणपती आखणीत होतो. साचा कोणीही भरतो, रंगाचा हात कोणीही मारतो, पण डोळे आखणारा वेगळा. बारीक कुंचल्याने श्वास धरून पापणीची रेघ एका दमात ओढायची. आणि दोन्ही बुबुळं अशी बसवायची की भक्त कुठेही उभा राहिला तरी देव त्याच्याकडेच पाहतोय. तोवर तो नुसता माल असतो. डोळे आले की कारखान्यातली माणसंही जरा जपून बोलतात.

"काय लिहितोस? बदलीचा अर्ज?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे 'वीरधवल'सारखं." नाथमाधवांची ती कादंबरी त्यांनी तरुणपणी वाचनालयातून आणून तीनदा वाचली होती. खेळाचं सार चार शब्दांत सांगणारा हा पहिला माणूस मला भेटला.

"कारागीर आहे ना तुझा? मग त्यात काय अवघड. मी आलो तसा निघाला म्हण."

अण्णा पेणला कसे आले ही आमच्या घरची पोथी आहे. लोकांच्या घरी छापील कुलवृत्तांत असतात, मूळ पुरुष कुठल्या राजाकडे होता वगैरे. आमच्याकडे हा एकच अध्याय. रोह्याचा पंधरा वर्षांचा मुलगा, कलेची ओढ, १९६४ साल, खिशात सात आणे, आणि रोहा ते पेण पायी. माझ्या प्रत्येक नापसंत वर्तनावर हा अध्याय मला वाचून दाखवण्यात आलेला आहे. त्या रात्री मी तो लिहून घेऊ लागलो आणि कारकुनाचं पेन अडलं.

"अण्णा, दशमान नाणी १९५७ ला आली. १९६४ मध्ये सात आणे कुठून?"

"लोक आणेच म्हणायचे तेव्हा."

"आणि पायी किती दिवस?"

अण्णा गप्प झाले. पडताळणीला मूळ कागद मागितला की खातेदार जसा गप्प होतो तसे.

"ट्रकने आलो," शेवटी ते म्हणाले. "भाताची पोती होती. त्यांच्यावर बसून."

"कलेची ओढ?"

"गणितात नापास झालो होतो. दारात वडील ओला फोक घेऊन उभे. मागच्या मागे बाजारात आलो, ट्रक उभा होता, चढलो. ड्रायव्हर पेणला चहाला थांबला, मी उतरलो. कारखानावाल्याने विचारलं, माती मळशील का, जेवायला घालतो. मळली."

गणितात! मला सहामाहीला गणितात बहात्तर पडले तेव्हा या गृहस्थांनी दोन दिवस अबोला धरला होता. मी पेन खाली ठेवलं.

"आजोबा शोधायला आले नाहीत?"

"आले की. चौथ्या दिवशी. समोरच्या हॉटेलात बसून चहा घेतला. मला बघत होते."

"मग?"

"मग चहा संपला. गेले."

"हाक नाही मारली?"

"नाही. मीही नाही मारली. हात चिखलाचे होते." ते उठले. "दिवाळीला गेलो मी घरी. तो विषय कोणी काढला नाही." दारात जाऊन परत वळले आणि म्हणाले, "कुलाबा जिल्हा लिही. रायगड नव्हता तेव्हा." जिल्ह्याचं नाव १९८१ साली बदललं, पण अण्णांनी तो बदल अजून खात्यावर घेतलेला नाही.

त्या रात्री दीड वाजेपर्यंत मी लिहीत होतो. नाव ठेवलं धोंडू आखणकर. स्वल्पविराम कुठेही नाही. धोंडूच्या गावच्या वेशीवर दगडी पहारेकरी आहेत, आणि आखणकर घराण्याने डोळे आखले तरच त्यांना दिसतं. बापाची नजर आता अधू झालीय. मुलगा लहान असताना एकदा बाप जेवायला गेलेला, तेव्हा मुलाने एका छोट्या पहारेकऱ्याचे डोळे स्वतःच आखले.

हे मी रचलं नव्हतं. मी बारा वर्षांचा होतो. श्रावणातली घाई, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. सात इंची मूर्ती होती. अण्णा जेवून आले, मूर्ती हातात घेतली, उजेडात धरून पुष्कळ वेळ पाहिली. मग ओलं फडकं घेतलं आणि डोळे पुसून टाकले. बोलले काही नाही. मीही विचारलं नाही. पुढे कॉमर्सला गेलो, बँकेची परीक्षा दिली, आणि त्या डोळ्यांविषयी आमच्यात आजवर अक्षर निघालं नाही. हे आमच्या घराण्याचं वैशिष्ट्य आहे हे मला त्याच रात्री कळलं होतं.

गोष्टीत मात्र मी कारण दिलं. ते डोळे फार चांगले उतरले होते म्हणून बापाने पुसले. ते तसेच राहिले असते तर मुलगा जन्मभर त्या छपराखाली अडकला असता, आणि बापाला ते नको होतं. गोष्ट आपली असली की कारणं देता येतात, हा या खेळातला मला सगळ्यात आवडलेला नियम.

सकाळी चिरंजीवांनी ती चहाच्या वेळी मोठ्याने वाचली, थट्टा करायच्या तयारीने. दुसऱ्या पानावर त्याचा आवाज बदलला. अण्णा बशीतला चहा गार करत ऐकत होते. वाचून झालं. सौ.ने उगाचच डबे जागेवर लावायला घेतले.

"तिरळे होते रे," अण्णा म्हणाले. "डावा वर बघत होता."

मी मान हलवली.

"पण लिहिलंयस ते राहू दे," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

रविवारी धोंडू आखणकर गुहेत शिरला. गोष्टीचं कौतुक झालं, एकाने तर पान फोटो काढून ठेवलं. पंचवीस मिनिटांनी अंधारातून एक पिशाच्चवजा बुटका आला, त्याने कोयता चालवला आणि पाचातून सात वजा झाले. नियमाप्रमाणे माणूस लगेच मरत नाही. दर फेरीला वीसतोंडी फासा टाकायचा. दहा किंवा वर आला तर एक संधी जमा, खाली आला तर एक खर्ची. तीन खर्ची पडल्या की खातं बंद. चिरंजीवांचा काएल'थार, त्या सूडाने पेटलेल्या अनाथाने, समोरचा शत्रू सोडून माझ्याकडे धाव घेतली. पण अंतर जास्त होतं. मी फासा टाकला. एक आला. एक आला की दोन खर्ची पडतात. पुढच्या फेरीत सात.

माडीवर कोणी बोलेना. दोन पानांचं पूर्वायुष्य आणि पंचवीस मिनिटांचं आयुष्य. "काका, नवा माणूस करू," भाचा म्हणाला, मग त्याची नजर माझ्या फॉर्मच्या तळाला गेली. "थांबा. याचे वडील हयात आहेत ना? आणि नामनिर्देशन त्यांचंच आहे."

दुसऱ्या कुणाही खेळाडूला ही सोय नव्हती. त्यांचं सगळं गोत्रच जळालेलं.

म्हणून पुढच्या रविवारी अण्णा रोह्याला आले. स्टेशनवर उतरल्यावर आधी धावीर महाराजांना जाऊन हात जोडले, मग बाजारात एका जागी थांबून "ट्रक इथे उभा होता" म्हणाले, मग माडी चढले. पंधरा सुवर्णमुद्रा, हत्यारं आणि परिचयपत्र ताब्यात घेऊन, मुलाचा दावा निकालात काढायला आलेला म्हातारा आखणकर असं पात्र ठरलं. मुलं त्यांना "आजोबा, तुमची पाळी" म्हणत होती. भुयाराच्या टोकाला वाट अडवून एक दगडी पहारेकरी उभा होता. त्याला डोळे नव्हते. काय करता, भाच्याने विचारलं.

अण्णांनी आधी चहा मागितला. मग म्हणाले, "उजेड डावीकडून पाहिजे." एक मशाल डावीकडे नेण्यात आली. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, करंगळी टेकवली, एक डोळा बारीक केला आणि हवेत पापणीची रेघ ओढली. हात थरथरला नाही. दुसरी रेघ. मग बुबुळं. मग मागे सरून दोन्ही डोळे एकाच ठिकाणी पाहतात का ते तपासलं. फासा टाका म्हणायचं भाचा विसरला.

परतीच्या गाडीत अण्णांना खिडकीची जागा मिळाली आणि नागोठण्याच्या आत झोप लागली. समोर चिरंजीव मांडीवर फॉर्म ठेवून खोडरबर घासत होते. मी न पाहिल्यासारखं करून पाहिलं. खजिन्यातल्या कारकुनापुढचं "मृत" खोडलं होतं. त्या जागी लिहिलं होतं : "जळालेली खुर्ची सापडली. माणूस सापडला नाही. बेपत्ता."

आमच्याकडे याचा नियम पक्का आहे. बेपत्ता माणसाचा ठावठिकाणा सात वर्षं लागला नाही तरच कायदा त्याला मृत धरतो, तोवर खातं चालू. म्हणजे माझ्या हातात अजून सात वर्षं आहेत. तेवढ्यात हिशेब जुळला, नाही जुळला, तरी खुर्चीवरून उठेन म्हणतो.